पोफळीची वीज आणि अंगणापलीकडचा उजेड

चिपळूण–कराड रस्त्यावर, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी पोफळी हे गाव आहे. कोकणात पूर्वी उंडीच्या कडू तेलावर दिवे जळत. पुढे रॉकेल आले आणि कंदिलाची काजळलेली काच राखेने पुसणे हे तिन्हीसांजेचे काम ठरले. तो उजेड अंगणापलीकडे फारसा जात नसे.

१९६२ मध्ये पोफळीच्या भूमिगत वीजगृहात कोयनेची वीजनिर्मिती सुरू झाली. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून येथे येते, जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठीला मिळते. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून क्षमता ६०० मेगावॅट आहे.

विजेचा दिवा कुंपण मानत नाही. शेजारच्या अंगणातला झोत खिडकीतून आत आला की झोप मोडते आणि वाद होतो. ध्वनिप्रदूषणासाठी देशात २००० सालचे नियम आहेत. प्रकाशासाठी तसे स्वतंत्र नियम नाहीत. म्हणून अशी तक्रार उपद्रवाच्या सर्वसाधारण कायद्याखालीच करावी लागते.

२०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारे क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. तेथील उपाय घरगुती वादालाही लागू पडतो: दिव्याला वरून झाकण घालावे आणि त्याचे तोंड जमिनीकडे ठेवावे.