नाईक यशवंत घाडगे : पराक्रम आणि जिल्ह्याच्या इतिहासातील स्थान

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या दोन जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्याचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. त्यांपैकी पहिले नाईक यशवंत घाडगे. त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात, पळसगाव येथे झाला. १० जुलै १९४४ रोजी इटलीत त्यांना वीरमरण आले, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. प्रस्तुत लेखात त्यांच्या पराक्रमाचा परामर्श घेऊन, स्थानिक इतिहासलेखनात अशा सैनिकाचे स्थान कोणते, या प्रश्नाचा विचार केला आहे.

४ जून १९४४ रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. त्यानंतर जर्मन सेनेने उत्तरेकडे माघार घेतली. परंतु ती पळापळ नव्हती. गॉथिक लाईन या नावाने ओळखली जाणारी संरक्षणफळी सिद्ध करण्यास अवधी मिळावा, म्हणून प्रत्येक डोंगरधारेवर मशीनगनची ठाणी रोवून दोस्तांचा वेग कमी करणे, हे तिचे धोरण होते. तैबर नदीच्या वरच्या खोऱ्यात हे काम मोडून काढण्याची जबाबदारी दहाव्या भारतीय डिव्हिजनकडे होती आणि पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीची तिसरी बटालियन तिच्यात होती. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल डेनिस रीड यांनी १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत याच बटालियनचे नेतृत्व केले होते. डोंगरी युद्धात या पलटणीकडून काय अपेक्षा करावी, हे त्यांना वेगळे सांगावे लागले नसणार.

१० जुलैच्या हल्ल्यात घाडगे एका रायफल सेक्शनचे प्रमुख होते. अगदी जवळून झालेल्या मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील सर्व जवान ठार अथवा जखमी झाले. उभे राहिले ते एकटे घाडगे. सोबत येण्यास कोणीही उरलेले नाही, हे जाणूनही ते ठाण्यावर धावून गेले. प्रथम हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालविणारा सैनिक निकामी केला, नंतर टॉमी गनने आणखी एकास टिपले. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून त्यांनी उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी ठार केले. शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत व पाठीत लागून, एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला. हा वृत्तांत २ नोव्हेंबर १९४४ च्या 'लंडन गॅझेट'मध्ये मरणोत्तर सन्मानाच्या घोषणेसह प्रसिद्ध झाला.

सदर वृत्तांत मोजक्या वाक्यांचा आहे व त्यात विशेषणे जवळजवळ नाहीत. आपल्याकडील गौरवपर लेखन मात्र हा प्रसंग वीररसात बुडवून काढते आणि बंदुकीच्या घावांचा भाग हलकेच वगळते. हे योग्य नव्हे. रिकाम्या बंदुकीचा सोटा करून लढणारा बावीस वर्षांचा तरुण ज्या क्षणी आपल्यासमोर उभा राहतो, तो क्षणच वगळला तर उरतो तो केवळ पुतळा. अर्थात शासकीय वृत्तांतालाही मर्यादा आहे. तो सन्मानाची शिफारस म्हणून लिहिलेला असतो. एका दिवसाचा तपशील तो देतो, त्याआधीच्या बावीस वर्षांविषयी मौन पाळतो.

येथे एक अवघड मुद्दा उपस्थित होतो. याच कुलाबा जिल्ह्यातील माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी १९४२ च्या आंदोलनात आझाद दस्ता उभारून मुंबईकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात, सिद्धगडच्या जंगलात, पोलिसांच्या गोळीबारात ते व हिराजी पाटील हुतात्मा झाले. म्हणजे जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने एकाच जिल्ह्याचे दोन तरुण धारातीर्थी पडले : एक ब्रिटिश सत्तेविरुद्ध, दुसरा त्याच सत्तेच्या सैन्यात. आपल्या जिल्हा-इतिहासांत कोतवाल यांना स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात स्थान मिळते. घाडगे आलेच तर 'जिल्ह्यातील थोर व्यक्ती' अशा शेवटच्या परिशिष्टात येतात. दोघांना एकाच पानावर आणण्याचे आपण टाळत आलो आहोत.

घाडगे यांना भाडोत्री ठरविणे जितके सोपे, तितकेच मागाहून त्यांना राष्ट्रवादी ठरविणेही सोपे. दोन्हींना आधार नाही. १९३९ मध्ये सुमारे दोन लाखांची असलेली भारतीय सेना १९४५ पर्यंत सुमारे पंचवीस लाखांवर गेली आणि ही भरती सक्तीची नव्हती. एका पावसाळी पिकावर वर्ष न निघणाऱ्या कोकणातील घरांना मुंबईची गिरणी आणि पलटण हे दोन मार्ग पिढ्यान्‌पिढ्या परिचित होते. मनिऑर्डर कोणत्या सरकारच्या टपालाने येते, हा प्रश्न त्या घरांत विचारला जात नसे. शिवाय ज्या शत्रूविरुद्ध घाडगे लढले, ती नाझी जर्मनी होती, ही बाबही विसरता येणार नाही. कोतवाल यांचा त्याग यामुळे उणा होत नाही. मात्र १९४२ ते १९४५ या काळातील जिल्ह्याचे चित्र केवळ आंदोलनाच्या कथनात मावत नाही, हे मान्य करावे लागते.

इटलीतील मोहिमेत चौथी, आठवी व दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन लढल्या. तेथे दिल्या गेलेल्या वीस व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सेनेच्या वाट्याला आले. त्यांतील एक मराठा पलटणीचेच शिपाई नामदेव जाधव यांना, ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दाखविलेल्या शौर्याबद्दल मिळाला. नगर जिल्ह्यातील निमजचे जाधव युद्धातून जिवंत परतले आणि १९८४ मध्ये निधन पावले. त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक कामी आले. घाडगे यांची स्वतंत्र कबर नाही. त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे.

माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. दाखल्यासाठी येणारी माणसे त्याच्या सावलीत उभी असतात. जुलै २०२३ मध्ये इटलीतील पेरुजा प्रांतातील मोंतोने या गावानेही त्यांच्या नावे स्मारक उभारले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात असून, आपण सर्व एकाच सूर्याखाली राहतो, अशा आशयाचे लॅटिन वचन त्यासाठी निवडण्यात आले आहे.