साखळी आणि लेसर-किरण

मुंबई इलाख्यांतील जमीन-मोजणीची साखळी ३३ फुटांची; तिचा चौरस तो गुंठा. १८३६ च्या सुमारास इंदापुरांत विंगेटसाहेबांची पाहणी चालली, तेव्हां मोजणीदार अंतर मोजी आणि समोर झाड कीं घर, हेंही स्वतःच पाही. मार्च २०२१ मध्यें मुंबई-नागपूर द्रुतगति रेल्वेसाठीं विमानांतून पाहणी सुरू झाली. तींत हीं दोन कामें दोन यंत्रांकडे गेलीं. लेसर-किरण परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर कळतें, रंग नव्हे. आमच्या मालगुंडावरून तो फिरला तर तांबडीं कौलें काय नि आंब्याची पालवी काय, नुसते बिंदू! ज्याचें घर मार्गांत येतें, त्याला हा भेद क्षुल्लक नव्हे. म्हणून विमानाचें स्थान व कल क्षणोक्षणीं नोंदवितात. त्यावरून छायाचित्रांतला रंग ज्या-त्या बिंदूस देतां येतो.