शेर, लिटर आणि किलो : सोलापूर परिसरातील खाद्यतेलाच्या मापनाचा इतिहास

सोलापूर जिल्हा हा रब्बी ज्वारीचा आणि करडईचा प्रदेश. घाण्याचे करडई तेल व पुढे शेंगदाणा तेल यांवर येथील स्वयंपाक उभा राहिला. धान्य मापाने आणि गूळ वजनाने, ही रीत सरळ होती. तेलाच्या व्यवहारात मात्र भांड्यात मावणारा द्रव व तराजूत उतरणारा भार यांची सांगड घालावी लागे.

मुळात 'शेर' हा शब्दच दुहेरी होता. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, पायली ही मापांची चढण. छटाक, पावशेर, शेर, मण ही वजनांची. मापी शेर व वजनी शेर यांचे नाव एक, प्रमाण भिन्न. त्यात जिल्ह्याला लागून असलेल्या हैदराबाद संस्थानाचे नाणे वेगळे होते, आणि तोळ्याचे वजन तर रुपयाच्याच वजनाशी बांधलेले! मुंबई इलाख्याचा १९३२ चा आणि केंद्राचा १९३९ चा कायदा या गोंधळावरील उपाय होते. १८० ग्रेनचा तोळा व ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे आजचे सुमारे ९३३ ग्रॅम, हे प्रमाण त्यातून रूढ झाले.

१९५६ च्या कायद्यानुसार १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने लागू झाली. या बदलाचे मूल्यमापन करताना एक बाब सहसा सुटते. शेराची जागा एका एककाने नव्हे, तर दोन एककांनी घेतली. तेल पाण्याहून हलके असल्याने त्याचे एक लिटर सुमारे ९१० ग्रॅम भरते. म्हणजे वजनी शेराऐवजी लिटर घेणाऱ्याला सुमारे २३ ग्रॅम तेल कमी मिळे, तर किलो घेणाऱ्याला ६७ ग्रॅम अधिक. 'लिटर म्हणजे किलो' हे समीकरण खरे तर पाण्यापुरते. घरोघरी ते तेलालाही लावले गेले. लोणच्यासाठी किलोभर तेल ठरवून लिटरची पिशवी आणल्यास सुमारे ९० ग्रॅम तेल कमी पडते. कार्याच्या स्वयंपाकात हा फरक मोठा होतो, कारण बाजारात १५ किलोचा डबा आहे तसा १५ लिटरचाही आहे, आणि दुसऱ्यात तेल जेमतेम साडेतेरा किलोच्या आसपास असते. डबे दिसायला सारखेच.

पुढचा प्रश्न तापमानाचा. उष्णतेने तेल प्रसरण पावते. सोयाबीन तेलाचे एक लिटर २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम भरते. वेष्टनावर असे चढे तापमान छापून वजन कमी दाखविण्याची पद्धत काही उत्पादकांत होती. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने तापमानाचा उल्लेख वगळून आकारमानासोबत वजनही छापण्याची सूचना केली व त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंत मुदत दिली.

सुट्या तेलाला असे वेष्टन नसते. वरील आकड्यांवरून दर अंशामागे लिटरचे वजन सुमारे ०.७ ग्रॅमने घटते. सोलापूरचा पारा उन्हाळ्यात चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यातील पहाटेहून पंचवीस अंशांचा फरक धरल्यास त्याच मापाने घेतलेल्या लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम तेल कमी येते.