'सेट' : एका लहान शब्दाचा मोठा गोतावळा

घनसावंगीच्या बाजारपेठेतून एक फेरी मारली, तर 'सेट' हा इंग्रजी शब्द किमान पाच वेळा कानी पडावा. विजेच्या सामानाच्या दुकानात पंपसेट, सराफाकडे दागिन्यांचा सेट, भांड्यांच्या दुकानात डब्यांचा सेट, केशकर्तनालयात 'केस सेट करा' आणि पारावर 'अमक्याचा मुलगा पुण्यात सेट झाला'. एवढासा हा शब्द, पण त्याची कूळकथा ऐकण्यासारखी आहे.

ऑक्सफर्डचा इंग्रजी महाकोश 1928 साली पूर्ण झाला, तेव्हा त्यातील सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याचे चारशेहून अधिक अर्थ नोंदले गेले. पुढील सुधारणेत 'रन'ने त्याला मागे टाकले, ही गोष्ट वेगळी.

इतके अर्थ आले कोठून? एक कारण असे की, हा शब्द मुळात एक नव्हे, दोन आहेत. 'सेट' या क्रियापदाचा जुना अर्थ 'बसवणे'. त्याचे नाते संस्कृतातील 'सद्' धातूशी आहे. सदन, सदस्य, परिषद हे आपले शब्द त्याच घरातले. समूहवाचक 'सेट' मात्र फ्रेंचमार्गे लॅटिन 'सेक्ता'पासून, म्हणजे अनुयायांच्या मेळ्यापासून आला. त्या लॅटिन धातूचा संस्कृत सोयरा 'सच्', ज्यातून 'सचिव' झाला. पुढे दोन्ही शब्दांचे रूप एकच झाले आणि अर्थही परस्परांत मिसळले.

मराठीला अशा बहुरूपी शब्दाचे अप्रूप वाटू नये. आपल्याकडे 'बसणे' आणि 'बसवणे' आहेतच. गणपती बसवतात, घट बसवतात, निखळलेले हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात, नाटक बसवतात; घसा बसतो आणि संसाराची घडीही बसते. यांतील हाड, खडा आणि घडी यांसाठी इंग्रजीत 'सेट' चालतो. घर असे भरलेले असताना पाहुणा आला कशाला?

तो वस्तूंबरोबर आला. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि दरबारची भाषा उर्दू होती. कचेरीतील कितीतरी शब्द गावाने फारसी-उर्दूतून घेतले. इंग्रजी शब्द शिवारात खऱ्या अर्थाने शिरले ते पुढील दशकांत, यंत्रांचा हात धरून. विहिरीवर पंपसेट बसला तेव्हा 'बसवणे' मराठीच राहिले, बसलेली वस्तू तेवढी इंग्रजी झाली. 'सेट होणे' हा प्रयोग मात्र वस्तूचा नव्हे, माणसाचा आहे. नोकरी, लग्न, शहरातले घर या तिन्ही गोष्टी त्या दोन अक्षरांत मावतात. गावात राहून शेती करणाऱ्या मुलाबद्दल 'सेट झाला' असे क्वचितच कोणी म्हणते. शब्दाच्या वापरातील हा भेद शेतीची पत कोठे येऊन ठेपली ते सांगतो.

आम्हां प्राध्यापकांच्या वाट्याला आणखी एक 'सेट' आला आहे. हा शब्द नव्हे, आद्याक्षरांची जुळणी : अध्यापकपदासाठीची राज्य पात्रता परीक्षा. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती पुणे विद्यापीठ 1995 पासून घेत आले आहे. मराठीत एम.ए. करून ती उत्तीर्ण झालेली कितीतरी मुले-मुली आज तासिका तत्त्वावर शिकवतात. सुट्टी लागली की मानधन थांबते, आणि पुढच्या वर्षी तास मिळतील याची शाश्वती नसते. सेट झालेली ही माणसे सेट झालेली नाहीत, हे वाक्य कोणत्या इंग्रज कोशकाराला उलगडून सांगावे?

याच तालुक्यातील जांब येथे 1608 साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. परंपरा सांगते की, 'सावधान' हा शब्द ऐकताच ते लग्नमंडपातून निघून गेले. घडी बसण्याच्या क्षणी उठून जाणे ही त्यांची निवड होती. आमच्या विद्यार्थ्यांना मात्र अजून कोणी बसायलाच सांगितलेले नाही.