हायब्रिड सायकलचा टायर किती रुंद असावा?

हायब्रिड सायकलच्या टायरच्या कडेला ७०० × ३८सी किंवा ४०-६२२ असे आकडे असतात. दुसऱ्या पद्धतीत आधी टायरची रुंदी येते, मग रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यास बदलता येत नाही, रुंदी थोडी कमीजास्त करता येते.

अरुंद टायरमध्ये हवा कमी मावते, म्हणून ती जास्त दाबाने भरावी लागते. नाहीतर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिरडून दोन शेजारी छिद्रे पडतात. रुंद टायर कमी दाबावर चालतो, खडीवर कमी उसळतो. अरुंद म्हणजे वेगवान, हे गुळगुळीत डांबरापुरते ठीक आहे.

सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी रोजच्या वाटेत डांबर, उखडलेली खडी आणि शेताची पाणंद असे सगळेच येते. तिथे ३८ ते ४० मिमी टायर सोयीचा. ७० किलोच्या माणसाला साधारण ४५ ते ५५ पीएसआय हवा पुरते; टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नये.

मग ४५ का नको? गोदाकाठची काळी माती. पावसात ती फुगते, टायरला थर धरते आणि चिमटा व मडगार्डमध्ये अडकून चाकच जाम करते. टायर जितका रुंद, तितकी फट कमी. दोन्ही बाजूंना आणि वर किमान ६ मिमी मोकळे हवेत. पाणंदीने जायचे तर १० हवेत. भर पावसात तेही पुरत नाहीत, तेव्हा सायकल डांबरावरच ठेवावी.

बाभळीच्या काट्याला रुंदीचे काही देणेघेणे नाही. त्यासाठी आत पंक्चररोधक पट्टा असलेला टायर घ्यावा, थोडा जड असला तरी.

खरी फसगत दुकानात होते. ‘२८ची’ म्हटले की जुन्या डबलबार सायकलचा २८ × १½ टायर पुढे येतो. रुंदी तीच, ४० मिमी, म्हणून डोळ्यांना फरक कळत नाही. पण त्याचा व्यास ६३५ आहे, म्हणजे हायब्रिडच्या रिमपेक्षा १३ मिमी मोठा. तो ढिला बसतो आणि हवा भरताच रिमवरून निसटतो. ७००सी टायरवरही कधी २८ इंच छापलेले असते, त्यामुळे इंच सांगून उपयोग नाही. ६२२ हा आकडा वाचूनच टायर घ्यावा.