‘निसर्ग’चं केंद्र नेमकं कुठे?

१ जून २०२०, पहाटे ५.३०. धडकेला ५५ तास.
आदल्या दिवशी लक्षद्वीपजवळच्या समुद्रात दिसलेलं कमी दाबाचं क्षेत्र आता डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालं आहे. इकडे आमच्या सटाण्यात, नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण तालुक्यात, उन्हाळ कांदा चाळीत पडलाय आणि सगळ्यांचे डोळे मृगाकडे लागलेत. या वादळाला अजून नाव नाही, डोळाही नाही. तरी हवामान खात्याच्या नकाशावर त्याच्या केंद्राचा ठिपका आहे. प्रतिरूपं म्हणजे मॉडेलं तो ठिपका हिशेबानं काढतात. समुद्रावर जागोजागी वारा कसा वाहतोय ते मांडायचं आणि प्रत्येक जागी विचारायचं, इथे भिंगरी ठेवली तर किती जोरात फिरेल? पूर्वेकडे सरकताना दक्षिणोत्तर वारा किती बदलतो, त्यातून उत्तरेकडे सरकताना पूर्वपश्चिम वारा किती बदलतो ते वजा करायचं. या वजाबाकीला व्हॉर्टिसिटी, म्हणजे फिरकी, म्हणतात. ती सर्वांत जास्त जिथे, तिथे केंद्र असण्याची शक्यता.

२ जून, सकाळी ११.३०. २५ तास.
चक्रीवादळ झालं. बांगलादेशानं सुचवलेलं ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळालं.
पण नुसत्या व्हॉर्टिसिटीवर विसंबता येत नाही. शेजारी-शेजारी वाहणाऱ्या दोन सरळ वाऱ्यांपैकी एक वेगवान आणि दुसरा मंद असला, तरी भिंगरी फिरते. तिथे भोवरा मात्र नसतो. अकिरा ओकुबो (१९७०) आणि जॉन वाइस (१९९१) यांच्या कसोटीचं मोल इथे कळतं. प्रवाहात ताण (म्हणजे हवा ओढली-पसरली जाणं) किती आणि फिरकी किती, दोन्हींचे वर्ग घ्यायचे आणि तुलना करायची. फिरकी वरचढ ठरली, तरच तो भोवरा. माझ्या मते या शास्त्रातली ही सर्वांत देखणी कल्पना आहे.
तरी एकाच खुणेवर केंद्र ठरवणं धोक्याचं. म्हणून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरची फिरकी, समुद्रसपाटीवरचा किमान दाब, वारा मंदावतो ती जागा, अशा अनेक खुणांची सरासरी घेतात. मग दर काही तासांची केंद्रं एकमेकांना जोडायची. मधल्या वेळात वादळ जिथवर पोचूच शकत नाही, ते केंद्र बाद.

३ जून, पहाटे ५.३०. सात तास.
तीव्र चक्रीवादळ. गोवा आणि मुंबईची रडारं त्याच्यावर नजर ठेवून आहेत, वरून इन्सॅटची चित्रं येत आहेत. ढगांचे पट्टे केंद्राभोवती किती वळले, यावरून जोर मोजण्याची व्हर्नन ड्वोरॅक यांची पद्धत १९७० च्या दशकापासून जगभर वापरात आहे.

दुपारी १२.३० ते २.३०.
अलिबागच्या दक्षिणेला धडक. वारे ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

संध्याकाळी ५.३०.
जोर ओसरत वादळ रायगड-पुण्याच्या पट्ट्यात आलं आहे. आता रोख उत्तर महाराष्ट्राकडे आणि आमच्यासाठी खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. जमिनीचं घर्षण आणि सह्याद्रीचे कडे खालचा वारा विस्कटतात. खालची फिरकी एकीकडे आणि वरचे ढग दुसरीकडे, असं होऊ लागतं. सरासरीत घेतलेल्या खुणा एकमेकींपासून दूर जातात आणि ठिपका डळमळतो. त्यात मुंबईतल्या कुलाब्याचं रडार सटाण्यापासून सरळ रेषेत सुमारे २४० किलोमीटर. पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा झोतसुद्धा आमच्यावरून कित्येक किलोमीटर उंचीवरून जातो. दीड किलोमीटरवरची फिरकी त्याला दिसणार कशी?

रात्री ११.३०.
उत्तर मध्य महाराष्ट्रात डीप डिप्रेशन. चाळीवर ताडपत्री टाकणाऱ्या शेतकऱ्याला केंद्र बागलाणातून जातं की बाहेरून, हे कळण्याचा फारसा उपयोग नाही. पाऊस केंद्रापासून कितीतरी दूरच्या पट्ट्यांतही पडतो. किनाऱ्यासाठी केंद्राची रेघ लागते, कारण वाऱ्याचा मारा तिच्या आसपास असतो. घाटमाथा ओलांडल्यावर मात्र रेघेऐवजी फिरकीचा अख्खा टापू आणि त्यातल्या पावसाचा अंदाज तालुक्या-तालुक्यापर्यंत पोचवायला हवा. ओकुबो-वाइस कसोटीतून असा टापू आखता येतो.

४ जून, पहाटे ५.३०.
पश्चिम विदर्भात डिप्रेशन. दिवसभरात ते मध्य प्रदेशावर आणखी विरलं. फिरकी ठरावीक मर्यादेखाली घसरली, की संगणक पुढचं केंद्र नोंदवत नाही. नकाशावरची रेघ तिथे थांबते. वाऱ्यातली ओल मात्र पुढे जात राहते आणि पाऊसही.