आजारपण, हसू आणि पुण्यातील हास्यक्लब

आरोग्याच्या वेडाकडे हसून पाहणे पुण्याला जुनेच. आचार्य अत्रे यांच्या १९३३ च्या 'साष्टांग नमस्कार' नाटकात सूर्यनमस्काराने सगळे रोग बरे करू पाहणारे रावबहादूर आहेत. हसण्यालाच उपाय मानणारे हास्यक्लब पुढे मुंबईहून आले.

डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातील बागेत अवघ्या पाच जणांसह पहिला वर्ग भरवला. अमेरिकी संपादक नॉर्मन कझिन्स यांचा अनुभव त्यांच्यासमोर होता. १९६४ मध्ये मणक्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या कझिन्स यांनी विनोदी चित्रपट लावून घेतले. दहा मिनिटे पोटभर हसल्यावर दोन तास वेदनेविना झोप लागते, असे त्यांनी नोंदवले. लोखंडवालाच्या बागेत आधी चुटके सांगत. थोड्याच दिवसांत ते संपले, काही तर बोचू लागले. तेव्हा विनोदच वगळला गेला. टाळ्या, 'हो हो, हा हा', दीर्घ श्वास आणि समोरच्याच्या नजरेला नजर एवढ्यावर हसू येते, हे त्यातून कळले. हा शोध फार मोलाचा.

पुण्यात विठ्ठल काटे यांच्या नवचैतन्य हास्ययोग परिवाराने ही पद्धत बागाबागांत रुजवली. ज्येष्ठांनी ती मनापासून उचलली. २०२० च्या टाळेबंदीत बागा बंद झाल्यावर हे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर, थेट घरात भरू लागले. हसणे औषधाची जागा घेत नाही. आजाऱ्याचे एकटेपण मात्र नक्की हलके करते.